सव्वीस फूट, अडतीस फूट

दिवाळ्याच्या जेट्टीवर दोघी बांधलेल्या,
मध्ये एक मासेमारीची होडी, जाळ्यांनी भरलेली.
तिच्यावरून आम्ही चारदा गेलो-आलो
चपला हातात घेऊन.

मोठीचं नाव 'अपरांत'. अडतीस फूट.
पेरेरांनी चौदा वर्षं हाकली,
गुडघे गेले म्हणून विकताहेत.
आत उभं राहता येतं.
हे मी तीनदा म्हणालो.
पितळी घड्याळ, बंद.
लाटेबरोबर स्वतःच डोलणारी शेगडी,
म्हणजे चहा सांडत नाही.
हेमांगीनं एकेक कपाट उघडलं,
एकात निघाली वाळूसारखी झालेली साखर
आणि कुणाचा तरी चष्मा.
"सहा जण झोपतील इथे," मी म्हणालो.
"कोण कोण?"
मी बोटं मोजायला लागलो.
थोरली हॅलिफॅक्सला.
धाकट्याला पाण्याची भीती.
भावाशी बोलणं नाही.
चौथ्या बिछान्यापर्यंत मी पोचलोच नाही.

धाकटी सव्वीस फुटी. 'पिंकी'.
ऐरोलीच्या दंतवैद्यानं मुलीचं नाव दिलेलं,
मुलगी आता पस्तिशीची, तिला ते नाव चालत नाही.
शीड दोनदा शिवलेलं, टाके दिसतात.
आत बुरशीचा वास, आणि त्याखाली
अजून कुठेतरी लवंगतेलाचा.
उभं राहायचं तर
नमस्काराला वाकतात तेवढं वाकून.

बाळाराम नाखवानं दोघींच्या कुशी
बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिल्या,
कलिंगड वाजवतात तशा.
मोठीच्या डाव्या अंगाला एका जागी
आवाज बद्द आला.
तो काही बोलला नाही.
तिथेच परत वाजवलं.
मग म्हणाला, "हिचा पठाण खोल. साडेपाच फूट.
आवसेच्या ओटीला चिखलात बसंल,
मंग सा तास फ्लेमिंगो मोजा.
हिची दोरी वढली का पठाण पोटात."

एकतीस वर्षं मी सिडकोत नकाशे काढले.
पाणी कुठे संपतं, प्लॉट कुठे सुरू होतो,
ती रेघ माझ्या हातची होती,
आणि दर दोन-चार वर्षांनी साहेब म्हणायचे,
जरा अजून पश्चिमेला घ्या.
मी घ्यायचो.
पेन्सिल हलकी लागते त्याला.
रेघेच्या पलीकडे काय आहे
ते पाहायला मोठी होडी लागेल,
असं मला का वाटत होतं कोण जाणे.

मी पेरेरांच्या कागदपत्रांत.
इंजिनचे तास, डोलकाठीची उंची,
कमी किती करतील, करतील का.
बराच वेळ हेमांगीचा आवाज नाही.
'पिंकी'त डोकावलो तर
ती डाव्या बाकावर आडवी, पदर तोंडावर,
झोपलेली.
घरी रात्री तीनला उठून गॅलरीत बसणारी बाई,
डॉक्टरांच्या गोळ्यांना न जुमानणारी,
तिच्या पोटावर पाण्याचा उजेड हलत होता.
नाखवानं मला खुणेनं बाहेर बसवलं.
आम्ही विडी न ओढता बसलो.
पुलावरून एक मालगाडी गेली, मी डबे मोजले,
चुकलो, सोडून दिले.
भरती आत येत होती,
दोन्ही होड्या उंच होत होत्या, सारख्याच.

पाऊण तासानं ती वर आली,
गालावर गादीच्या चेनची खूण.
दोघींकडे पाहिलं, एकदा इकडे, एकदा तिकडे.
"नाव मात्र मोठीचं छान आहे," म्हणाली,
आणि धाकटीच्या काठावर बसून
चपला शोधू लागली.

"मंग, टोकन कुनाला?"
मी पाकीट काढलं.
'अपरांत'कडे एकदा बघून घेतलं,
स्थळाला नाही म्हणून उठताना
त्या घराचा फोडणीचा वास येतो,
तेव्हा बघतात तसं.
पेरेरांचा चष्मा माझ्याच खिशात राहिलाय
हे पाम बीचच्या सिग्नलला कळलं.